वाढीव डबा

कुंभार पिंपळगावची मुक्कामी गाडी सकाळी सहाला जालन्याकडे निघते. या गाडीत माणसं कमी आणि डबे जास्त असं लोक म्हणतात, आणि ते फारसं खोटं नाही. जालन्यात शिकायला राहिलेल्या पोरापोरींचे डबे हीच गाडी नेते. ड्रायव्हरच्या मागं कापडी पिशव्यांची रास लागते, प्रत्येक पिशवीवर रंगीत दोऱ्यानं नाव काढलेलं. घनसावंगीला आणखी पिशव्या चढतात, अंबड येईपर्यंत पाय ठेवायला जागा उरत नाही. जालन्याच्या स्टँडवर पोरं वाट बघत उभीच असतात. कंडक्टर खिडकीतून भरल्या पिशव्या देतो आणि कालच्या रिकाम्या परत घेतो. याला तिकीट नाही, पावती नाही, आणि तरी आजवर एखादा डबा हरवल्याचं कुणी ऐकलेलं नाही. एकदा कुणाच्या तरी डब्यातल्या पुरणपोळ्या वाटेत कमी झाल्या होत्या म्हणतात, पण तो दोष गाडीला देण्यात अर्थ नाही.

शिवकन्या या गाडीचा डबा पाच वर्षं खात होती. तीन वर्षं बी.एस्सी.ची, दोन एम.एस्सी.ची. तिची आई कडूबाई पहाटे अंधारातच उठून चूल पेटवायची. वडील बिभीषण, म्हणजे आबा, सायकलला पिशवी अडकवून स्टँडवर यायचे, कंडक्टर बद्रीनाथच्या हातात ती सोपवायचे, त्याच्याबरोबर चहा प्यायचे आणि गाडी हलली की घरी जाऊन शेळ्या सोडायचे. कडूबाईचं नाव जन्मल्यावर दृष्ट लागू नये म्हणून कडू ठेवलेलं. हाताला मात्र अशी चव, की वसतिगृहातल्या मैत्रिणी मेसचं ताट बाजूला सारून शिवकन्येच्या डब्यात हात घालायच्या.

मग परीक्षा झाली, निकाल लागला, पहिला वर्ग मिळाला आणि थोड्याच दिवसांत जालन्यातल्याच एका बियाण्याच्या कंपनीत नोकरीही लागली. काम प्रयोगशाळेतलं. ओल्या कागदात बी गुंडाळून ठेवायचं आणि त्यातलं किती उगवतं ते बघायचं. आबांना हे समजावून सांगितलं तेव्हा ते बराच वेळ विचार करून म्हणाले, "बी भिजू घालायला एम.एस्सी. लागतं व्हय?" पण दुसऱ्या दिवशी स्टँडवर बद्रीनाथला त्यांनी जे सांगितलं ते असं, की आमच्या पोरीनं हो म्हणल्याशिवाय कंपनीचं एक पोतं गेटबाहेर पडत न्हाई.

वसतिगृह सुटलं. मैत्रिणी पांगल्या, कुणाचं लग्न ठरलं, कुणी पुण्याला गेली, कुणी स्पर्धा परीक्षेच्या नादी लागली. शिवकन्येनं रहिमुन्निसा खालाच्या घरात माडीवरची खोली घेतली. सगळं सुटलं, डबा तेवढा सुटला नाही. तो आपला रोज सहाच्या गाडीनं येतच राहिला.

पहिले काही दिवस तिला बरंच वाटलं. पण एका सकाळी ती गळ्यात कंपनीचं ओळखपत्र अडकवून स्टँडवर उभी असताना बाजूच्या बारावीतल्या मुलीनं मोठ्या आदरानं विचारलं, "मॅडम, तुम्ही कोणाचा डबा नेता?"

"लहान बहिणीचा," शिवकन्या म्हणाली. तिला बहीणच नव्हती.

त्या दिवशी डब्यातली मेथी तिला गोड लागली नाही. पहिल्या पगारातून तिनं गॅसची शेगडी, तवा, पोळपाट असं सगळं आणून ठेवलं होतं. शेगडीवरचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलं नव्हतं. ताजा डबा रोज गाडीनं येत असताना स्वयंपाक करणार तरी कशासाठी? आपल्या हाताला आईची चव येणार नाही हे तिला ठाऊक होतं. बेचव तर बेचव, पण आपलं आपण करून खावं, एवढीच तिची इच्छा होती. पंचविशी जवळ आली, कंपनीत लोक मॅडम म्हणतात, आणि पोट अजून आईच्या चुलीला बांधलेलं. पण हे आईला सांगायचं कसं? पाच वर्षं जी बाई कोंबड्याच्या आधी उठली, तिला 'आता नको' म्हणायचं म्हणजे तिच्या तोंडावर दार लावल्यासारखंच होणार. आईचा चेहरा कसा उतरेल हे डोळ्यांपुढं आलं की तिचा हात फोनवरून मागं यायचा.

शेवटी तिनं रहिमुन्निसा खालापाशी विषय काढला. खालाच्या नवऱ्याचं, बदरोद्दीन चाचांचं, बांगड्यांचं दुकान होतं. खाला जिन्यात लसूण सोलत बसली होती.

"खाला, आईला सांगायचंय की डबा बंद कर. कसं सांगू?"

खालानं लसूण खाली ठेवला. "तौबा! खाने के डब्बे को बंद नक्को बोल बेटा. चाचा रात को दुकान बंद करते क्या? दुकान बढाते. बांगडी फुटली तर तुमच्यात काय म्हणतात?"

"वाढवली म्हणतात."

"तो बस. वैसाच बोल."

शिवकन्येला ते एकदम पटलं. आपल्याकडं दुकान वाढवतात, नारळ वाढवतात, बांगडी वाढवतात; बंद, फुटला, मोडली असं तोंडातून काढत नाहीत. शब्द शुभ असला की आईला लागणारही नाही. त्याच संध्याकाळी तिनं मनाचा हिय्या करून फोन लावला.

"आई, मी काय म्हणते, आता डबा वाढवायचा."

"वाढवायचा?" कडूबाईनं विचारलं.

"हो. नोकरी लागली ना आता मला."

"बरं, बाई," कडूबाईचा आवाज बदललेला होता. "वाढवू. तुपल्या मनासारखं."

आणि फोन ठेवला गेला. रडली असणार बिचारी, असं शिवकन्येला वाटलं. ती स्वतः थोडी रडलीही. मग डोळे पुसून तिनं शेगडीवरचं प्लास्टिक ओढून काढलं.

सकाळी ती स्टँडवर गेली नाही. खिचडी लावली. ती खालून लागली, वरून कच्ची राहिली, पण खिचडी तिची होती आणि तिनं ती उभ्यानं, पातेल्यातूनच, मोठ्या समाधानानं खायला घेतली. तेवढ्यात फोन वाजला. बद्रीनाथ.

"ताई, कुठं राह्यल्या? डबा पडून राह्यलाय इथं. अन् आज लई जड हाय बगा. दगडं भरले का काय मावशीनं?"

शिवकन्या धावत सुटली. खिडकीतून तिच्या हातात जी पिशवी आली ती नेहमीची नव्हती. आत नवा कोरा, चांगला पाच पुडांचा डबा होता. एकात पोळ्या, एकात भाकरी, एकात वांग्याचं भरीत, एकात वरण, वरच्यात शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. डबा वाढला होता. आईनं तो खरोखरच वाढवला होता.

तिला आधी हसू फुटलं, मग कपाळावर हात मारावासा वाटला. एवढी जड पिशवी कंपनीत न्यावी लागली, आणि एकटीनं खाणं शक्यच नव्हतं, म्हणून प्रयोगशाळेतले सगळे तिच्याभोवती बसून जेवले. संध्याकाळी खरं काय ते सांगायचं ठरवून तिनं फोन लावला, तर कडूबाईनं तिला बोलूच दिलं नाही. "पुरला का गं? भांड्याच्या बाजारात जाऊन नवा डबा आणला, भोगुलेवाल्यानं लई घासाघीस केली. भरीत तिखट झालं का? त्यानला चालतं ना तिखट?"

शिवकन्येला वाटलं, आई प्रयोगशाळेतल्या लोकांबद्दल विचारतेय. "चालतं की! लई आवडलं त्यांना. पोळ्या तर अगदी बोटं चाटून खाल्ल्या."

"असं का," कडूबाई म्हणाली. "बरं. ठेवते."

नंतरचे तीन-चार दिवस डब्याला ऊत आला. धपाटे आले, शेंगोळे आले, गुरुवारी तर चक्क शेवयांची खीर आली, फडक्यात घट्ट बांधून. प्रयोगशाळेत शिवकन्येचा भाव वधारला. रोज संध्याकाळी ती सांगायला म्हणून फोन करायची आणि रोज आईचा उत्साह ऐकून न सांगताच फोन ठेवायची. शनिवारी मात्र आबांचा फोन आला. आबा स्वतः होऊन फोन करत नसत.

"उद्या सुट्टी हाय ना? घरी ये. बोलायचं हाय."

शिवकन्या रविवारी दुपारी घरी पोचली तेव्हा बाजेवर नवी चादर होती. आबांनी पांढरा सदरा घातला होता आणि ते आपल्याच घरात पाहुण्यासारखे अवघडून बसले होते. कडूबाईनं पाणी दिलं आणि दाराबाहेर वाकून दोन्हीकडे बघितलं.

"एकलीच आलीस?"

"मग? कोण येणार होतं?"

आबा खाकरले. "हे बग शिवे. आपुन काई जुन्या चालीचे न्हाई. तू शिकलेली, कमावती. पर माणूस बगावं लागतं. पोरगं कुठलं हाय? कंपनीतलंच हाय का?"

"कोणतं पोरगं?"

"ज्याला भरीत आवडलं ते," कडूबाई म्हणाली.

शिवकन्येला उलगडायला जरा वेळ लागला. उलगडलं तेव्हा मात्र तिला हसू आवरेना. इतकी हसली की आबा घाबरून उठून उभे राहिले. डबा वाढव म्हणाली म्हणजे खाणारं तोंड वाढलं, असा सरळ हिशोब आईनं केला होता, आणि तो चुकीचाही म्हणता येत नव्हता. जावई तिखट खाणारा आहे, पोळ्यांना नावं ठेवत नाही, इथवर दोघा नवराबायकोचं एकमत झालेलं होतं. खिरीचा बेत आबांचा होता.

"अगं, कोणी न्हाई!" शिवकन्या घरच्या बोलीवर आली. "डबा वाढव म्हणजे... दुकान वाढवतात तसं. बंद म्हणू न्हाई म्हणून वाढव म्हणले मी. मला म्हणायचं व्हतं, डबा आता पाठवू नको. मी माझं करून खाईन."

बोलून गेली आणि मगच तिला कळलं, की ज्या वाक्याला ती इतके दिवस भीत होती ते हसण्याच्या भरात तोंडातून निसटलं आहे. आईच्या तोंडाकडे बघायचा तिला धीर होईना. आईला समजावायला तिनं मनात काय काय जुळवून ठेवलं होतं. तुझ्या हातच्या चवीला तोड नाही, सणावाराला मी घरीच येणार, असं बरंच.

कडूबाईनं पदरानं तोंड पुसलं. मग आबांकडे वळून म्हणाली, "मंग उद्याच्या गाडीनं मी धावड्याला जाऊ का?"

धावडा कडूबाईचं माहेर. भोकरदन तालुक्यात, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला.

"जाय की," आबा म्हणाले. "आता कोण धरून ठेवलं हाय?"

"चार दिवस राहीन म्हणते."

"आठ राह्य. मी भाकरी थापून घेईन मपल्या."

शिवकन्या दोघांकडे बघत राहिली. कुणी रडलं नाही, कुणाचा चेहरा उतरला नाही. आई तर भराभर फळीवरची पिशवी काढून झटकायलाही लागली होती.

"एवढी घाई?" शिवकन्या म्हणाली, आणि आपला आवाज रुसल्यासारखा आला हे तिला स्वतःलाच ऐकू आलं.

"घाई कशाची बाई? पाच वर्सं झाली, माहेरात एक रात काढली न्हाई. सकाळी सहाला डबा लागायचा. तुपल्या काकासाहेब मामाच्या पोराच्या लग्नाला गेल्ते, तर हळदीच्या हातानं जीपमंदी बसून सांजच्याला माघारी आल्ते. वहिनी म्हणली, ऱ्हा की. म्हणलं, सकाळी डबा हाय."

ते लग्न शिवकन्येला आठवलं. दुसऱ्या दिवशीच्या डब्यात लग्नातले लाडू आले होते, आणि दोनच का पाठवले म्हणून तिनं फोनवर कुरकुर केली होती. आई आदल्या रात्री कुठं होती आणि कशी परतली, हे विचारायचं तिला सुचलंच नव्हतं.

"मंग तू आधी कामून न्हाई सांगितलं? निकाल लागला तव्हाच सांगायचं."

"आईनं कसं म्हणावं?" कडूबाई पिशवीत लुगडं घालता घालता म्हणाली. "लेकरू म्हणंल, पगार लागला अन् आईनं हात आखडला. मी म्हणत व्हते, आज म्हणंल, उद्या म्हणंल. अन् तू म्हणलीस ती वाढव!"

आता आबांनाही हसू आलं. शिवकन्या हसली, पण आतून काहीतरी टोचलं होतं ते टोचतच राहिलं. तिला सुटका हवी होती, ती मिळाली होती. फक्त आईलाही तीच हवी असेल, हे तिनं धरलंच नव्हतं. आपल्यावाचून आईचं अडेल, असं तिला वाटत होतं आणि त्या वाटण्यात तिला सुख होतं. आता ते गेलं. वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचं हसूही आलं.

सोमवारी सकाळी मायलेकी सहाच्या गाडीला आल्या. आबांच्या सायकलला पिशवी होती, पण कपड्यांची. बद्रीनाथनं खिडकीतून हात पुढं केला.

"मावशी, डबा?"

"आज डबा न्हाई. आज मीच चालले," कडूबाई म्हणाली आणि पदर खोचून गाडीत चढली.

ती ड्रायव्हरच्या मागं, पिशव्यांच्या राशीजवळच बसली. जालन्याला ती यापूर्वी गेली होती, पण दवाखान्याला नाहीतर लग्नाला, आणि ते जीपनं. या गाडीत ती पहिल्यांदाच बसत होती. घनसावंगी गेली, उसाचे फड मागं पडले, अंबड आलं, तरी जालना येईना. "एवढा लांब जातो व्हय डबा!" ती म्हणाली. अंबडच्या पुढं गाडी खड्ड्यात आदळली तेव्हा राशीतली एक पिशवी कलंडली. कडूबाईनं ती उचलून मांडीवर घेतली आणि जालना येईपर्यंत दोन्ही हातांनी सरळ धरून ठेवली. पिशवीवर कुणा तुषारचं नाव होतं.

"सांडंल ना," ती म्हणाली. "आमटी हाय आतमंदी."

जालन्याच्या स्टँडवर भोकरदनची गाडी लागलेलीच होती. कडूबाई घाईघाईनं चढली आणि खिडकीजवळची जागा पकडून बसली. शिवकन्या खाली उभी होती. खालाच्या घरी चल, चहा घे, असं तिनं दोनदा म्हणून पाहिलं होतं, पण आईला गाडी चुकवायची नव्हती. इकडे स्वतःचीही कामावर जायची वेळ होत आली होती. ती आईच्या एका प्रश्नाची वाट बघत थांबली होती. आज काय खाशील, हा तो प्रश्न. लहानपणापासून असा एक दिवस गेला नव्हता ज्या दिवशी आईनं तो विचारला नाही.

कडूबाईनं काच सरकवली. "शिवे, हे बग, हितून अजिंठ्याचा डोंगर कोणच्या बाजूला दिसतो गं? डाव्या का उजव्या?"

"उजव्या असंल," शिवकन्या म्हणाली. "पोचल्यावर फोन कर. अन् वाटेत काही खाऊन घे."

"व्हय व्हय. तू जाय आता कामाला."

गाडी हलली. आईनं हात केला, पण बघत होती ती पुढं, रस्त्याकडे. शिवकन्या थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग स्टँडबाहेर येऊन तिनं मेथीची जुडी घेतली, ज्वारीचं पीठ घेतलं आणि कंपनीत गेली. दुपारी कँटीनची पोळीभाजी खाल्ली. प्रयोगशाळेतल्यांनी पाच पुडांचा डबा कुठं गेला म्हणून विचारलं, तर ती म्हणाली, माहेरी गेला.

मंगळवारी तिला जाग आपोआप आली. तिनं मेथी फोडणीला टाकली. ती बरी झाली. मग भाकरी थापायला घेतली. पहिली परातीतच चिरली. दुसरी तव्यावर पडेपर्यंत टिकली आणि टाकल्यावर तिचे तीन तुकडे झाले. पाणी कमी पडत होतं, की थंड पडत होतं, की हातच चुकत होता, तिला काही कळेना. पिठाच्या हातानंच तिनं आईचा नंबर लावला. बराच वेळ वाजल्यावर फोन मामींनी उचलला.

"शिवकन्या व्हय? अगं, ताई अजून उठल्या न्हाईत. अंगणात उन्हं आली, पोरं साळंला गेली, तरी ह्या निजलेल्याच. आजारी पडल्या का काय म्हणून मी कपाळाला हात लावून पाह्यला. काई न्हाई, बरं हाय. नुसत्या निजल्यात." मामींनी आवाज खाली आणला. "उठवू का? काई महत्त्वाचं हाय का?"

शिवकन्येनं तव्याकडे बघितलं. तुकड्यांच्या कडा करपायला लागल्या होत्या.

"न्हाई मामी," ती हळूच म्हणाली, जणू तिच्या आवाजानंच कुणी जागं होईल. "काईच काम नव्हतं. निजू द्या तिला."

फोन ठेवून तिनं गॅस बारीक केला, भांडंभर पाणी गरम करायला ठेवलं आणि परातीत नवं पीठ घेतलं.